बोलींना अक्षर देणारे जॉर्ज ग्रियर्सन

(बी. ए. भाग २)

गेल्या वर्षीच्या दिवाळीच्या सुट्टीतली गोष्ट. भाषाविज्ञानाच्या तासाला आम्हाला एक छोटा प्रकल्प मिळाला होता. आपापल्या गावच्या बोलीतले पन्नास शब्द गोळा करायचे, ते देवनागरीत लिहायचे आणि प्रत्येकासमोर आंतरराष्ट्रीय ध्वनिलिपीत त्याचा उच्चार लिहायचा. माझे गाव अकोला जिल्ह्यात, मूर्तिजापूरच्या बाजूला. घरी आजी आहे. ती कधी शाळेत गेली नाही. तिच्या तोंडचे शब्द पन्नास काय, पाचशे मिळाले असते. मी वही घेऊन तिच्याजवळ ओट्यावर बसले. डोया, काया, केय, पोया, शाया, मले, तुले, काहून... एका संध्याकाळी यादी पुरी झाली. मला वाटले, झाला प्रकल्प.

खरी अडचण पुढे होती. प्रकल्प टाईप करून द्यायचा होता. अमरावतीला परत आल्यावर मी एका टायपिंगच्या दुकानात गेले. देवनागरीचा मजकूर तिथल्या दादाने भराभर काढून दिला. पण ध्वनिलिपीचा रकाना आला आणि त्याचे हात थांबले. उलटा फिरवलेला ई, पायाला उजवीकडे आकडी फुटलेला एल, तशीच आकडी असलेला टी आणि डी, ही अक्षरे कीबोर्डावर कुठेच नव्हती. त्याने इकडून तिकडून काही चिन्हे उचलून आणून बसवली. कागद छापून बाहेर आला तेव्हा त्यांच्या जागी रिकामे चौकोन होते. पन्नास शब्द आणि त्यांच्यापुढे ओळीने चौकोनच चौकोन.

माझ्या मैत्रिणी तो कागद पाहून खूप हसल्या. मला मात्र हसू आले नाही. लहानपणी वर्गात एकदा मी शाळेला 'शाया' म्हटले होते आणि सगळा वर्ग हसला होता. तेव्हापासून गावाबाहेर तोंड उघडायच्या आधी मी मनातल्या मनात ळ जुळवून घेते. आता आजीच्या बोलण्याच्या जागी संगणकानेही चौकोन काढून दिला, तेव्हा वाटले, आमच्या बोलण्याला कुठे अक्षरच नाही की काय?

तो कागद घेऊन मी आमच्या मॅडमकडे गेले. त्यांनी मला एक नाव सांगितले आणि म्हणाल्या की या माणसाने सव्वाशे वर्षांपूर्वी, संगणक नव्हता तेव्हा, वऱ्हाडीचे उच्चार कागदावर कसे उतरवून घेतले ते आधी वाचून ये. ते नाव होते सर जॉर्ज अब्राहम ग्रियर्सन. भाषाविज्ञानाच्या पुस्तकात हे नाव आम्ही वाचले होते, परीक्षेत दोन मार्कांसाठी पाठही केले होते. पण त्या दोन मार्कांमागे एका माणसाचे उभे आयुष्य आहे, हे तेव्हा मला उमजले नव्हते. त्यांचे चरित्र मला समजले तसे येथे सांगत आहे.

छापखान्याच्या घरातला मुलगा

ग्रियर्सन यांचा जन्म ७ जानेवारी १८५१ रोजी आयर्लंडमध्ये, डब्लिन शहराजवळ झाला. वडील आणि आजोबा दोघेही डब्लिनचे नामांकित मुद्रक. सरकारी छपाईचा मान त्यांच्या घराण्याकडे होता. म्हणजे शिशाचे खिळे, शाईचा वास आणि ओली मुद्रिते ही त्या घरच्या पोटापाण्याची गोष्ट होती. पुढे ज्या माणसाने शेकडो बोली छापून घेतल्या, तो मूळचा छापखानेवाल्यांच्या घरातला, हे मला फार बोलके वाटते. अक्षर म्हणजे नुसते डोळ्यांनी वाचायचे चित्र नव्हे, तो हाताने बसवायचा एक खिळा आहे आणि खिळा नसेल तर तो कोणीतरी पाडावा लागतो, हे अशा घरात कोणाला शिकवावे लागत नसेल.

त्यांचे शिक्षण प्रथम इंग्लंडमधील शाळांत आणि नंतर डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात झाले. तेथे त्यांचा मुख्य विषय गणित होता. पण त्याच कॉलेजात रॉबर्ट ॲटकिन्सन नावाचे पौर्वात्य भाषांचे प्राध्यापक होते. त्यांच्यामुळे या गणिताच्या विद्यार्थ्याला संस्कृत आणि हिंदुस्थानीची गोडी लागली आणि दोन्ही विषयांत त्याने बक्षिसे मिळवली. १८७१ मध्ये ते भारतीय सनदी सेवेची परीक्षा उत्तीर्ण झाले आणि १८७३ मध्ये बंगाल प्रांतात दाखल झाले. त्या वेळी बिहारही बंगाल प्रांतातच मोडत असे. त्यांच्या नोकरीची बरीच वर्षे बिहारमध्येच गेली.

कचेरीची भाषा आणि घरची भाषा

बिहारमध्ये या तरुण अधिकाऱ्याला जे दिसले ते आपल्याही ओळखीचे आहे. कचेरीतली भाषा एक आणि कचेरीच्या ओट्यावर बसलेल्या शेतकऱ्याच्या तोंडची भाषा दुसरी. साक्षीदार मैथिली, मगही किंवा भोजपुरी बोलणार आणि कागदावर वेगळेच काही उतरणार. माझे बाबा तहसीलमध्ये जातात तेव्हा आजही असेच होते. ते सांगतात एक भाषा, लिहिली जाते दुसरी, आणि शेवटी अंगठ्याची किंवा सहीची जागा तेवढी त्यांना ओळखू येते.

ग्रियर्सन यांनी त्या दुसऱ्या भाषेचा कान धरला नाही, त्यांनी तिला कान दिला. तिथले कारकून आणि व्यापारी कैथी नावाच्या लिपीत लिहीत. जिला मोठ्या ग्रंथांत मान नव्हता अशा त्या व्यवहाराच्या लिपीवर त्यांनी १८८१ मध्ये एक पुस्तिका काढली. आपल्याकडच्या मोडीशीच तिची तुलना करता येईल. लिपीचे महत्त्व वऱ्हाडाला नवे नाही. आपल्या अमरावती जिल्ह्यातले रिद्धपूर हे महानुभावांचे ठिकाण आणि महानुभावांनी आपले ग्रंथ सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत लिहून शतकानुशतके जपले. ज्याला आपले बोलणे टिकवायचे आहे त्याला अक्षराची काळजी करावीच लागते.

१८८३ ते १८८७ या काळात त्यांनी बिहारी बोलींची सात व्याकरणे प्रसिद्ध केली. १८८५ मध्ये त्यांचे 'बिहार पेझंट लाईफ' हे पुस्तक निघाले. त्यात शेतकऱ्याच्या घरातल्या आणि शेतातल्या वस्तूंची नावे आहेत. नांगर, त्याचा एकेक भाग, बैलगाडी, विहीर, घर, कपडालत्ता, खाणेपिणे, लग्नकार्य, सगळ्याची स्थानिक नावे एका सनदी अधिकाऱ्याने टिपून ठेवली. ते वाचताना माझ्या मनात आले की आमच्या वऱ्हाडात वखर, डवरा, तिफन यांच्या एकेका भागाची नावे बाबांना पाठ आहेत, मला त्यांतली निम्मीही येत नाहीत. मी तर त्याच घरातली, आणि मी ती अजून लिहून ठेवली नाहीत.

एक गोष्ट मात्र लपवू नये. हेच ग्रियर्सन काही काळ बिहारमध्ये अफूच्या खात्याचे मोठे अधिकारी होते. शेतकऱ्याकडून अफू पिकवून घेऊन तिच्या व्यापारावर सरकारी तिजोरी भरण्याची ती व्यवस्था होती. शेतकऱ्याच्या शब्दांवर प्रेम करणारा माणूस त्याच शेतकऱ्याला अफूच्या शेतात राबवणाऱ्या यंत्रणेचाही भाग होता. थोर माणसाचे चरित्र लिहिताना आपण अशी पाने चिकटवून टाकतो. पण ती उघडी ठेवली तरी त्या माणसाचे काम लहान होत नाही, फक्त तो माणूस माणूस राहतो.

१८८६ हे वर्ष

१८८६ मध्ये ऑस्ट्रियातील व्हिएन्ना येथे पौर्वात्य विद्येच्या अभ्यासकांची परिषद भरली. ग्रियर्सन तेथे हजर होते. हिंदुस्थानातल्या सर्व भाषा आणि बोलींची पद्धतशीर पाहणी व्हावी असा ठराव त्या परिषदेत झाला आणि तो हिंदुस्थान सरकारकडे गेला.

योगायोग असा की त्याच १८८६ साली पॅरिसमध्ये पॉल पासी आणि त्यांचे शिक्षक-मित्र एकत्र आले आणि त्यांनी एक मंडळ काढले. मुलांना परक्या भाषेचे उच्चार नीट शिकवायचे तर प्रत्येक ध्वनीला एकच चिन्ह हवे, असा त्यांचा विचार होता. त्याच मंडळातून १८८८ मध्ये आंतरराष्ट्रीय ध्वनिलिपीचा पहिला आराखडा तयार झाला. आमच्या प्रकल्पात जी चिन्हे होती ती याच लिपीची. एकीकडे पॅरिसचे शिक्षक जगातल्या सर्व ध्वनींसाठी अक्षरे शोधत होते आणि दुसरीकडे व्हिएन्नात हिंदुस्थानच्या सर्व बोली मोजण्याची गोष्ट निघाली होती. वाटा वेगळ्या होत्या, पण प्रश्न एकच होता. माणूस जसा बोलतो तसा तो कागदावर कसा आणायचा?

सर्वेक्षण आणि त्याची रीत

सरकारी काम, त्यामुळे ठराव आणि काम यांच्यात वर्षे गेली. १८९४ मध्ये कामाला सुरुवात झाली आणि १८९८ मध्ये ग्रियर्सन यांची या सर्वेक्षणाचे प्रमुख म्हणून नेमणूक झाली. 'लिंग्विस्टिक सर्व्हे ऑफ इंडिया' ते हेच.

त्यांची रीत समजून घेण्यासारखी आहे. जिल्ह्याजिल्ह्यातल्या अधिकाऱ्यांकडून प्रत्येक बोलीचे तीन नमुने मागवायचे. पहिला नमुना म्हणजे बायबलातल्या उधळ्या मुलाच्या गोष्टीचे त्या बोलीतले भाषांतर. ही गोष्ट निवडली ती धर्मप्रचारासाठी नव्हे. तिच्यात मी, तू, तो हे तिन्ही पुरुष येतात, भूत, वर्तमान, भविष्य हे काळ येतात आणि नामाची बहुतेक विभक्तिरूपे येतात. शिवाय एकच गोष्ट सगळीकडे वापरली म्हणजे एक बोली दुसरीशेजारी ठेवून पाहता येते. दुसरा नमुना स्थानिकच हवा. एखादी लोककथा, गाणे किंवा त्या भागातल्या माणसाचे बोलणे. तिसरा नमुना म्हणजे २४१ शब्द आणि वाक्यांची एक ठरावीक यादी. ती यादी आमच्या पन्नास शब्दांच्या प्रकल्पाची पणजी म्हणायला हरकत नाही.

नमुना त्या भागातल्या लिपीत लिहायचा, खाली तोच रोमन अक्षरांत लिहायचा आणि रोमन ओळीत प्रत्येक शब्दाखाली त्याचा इंग्रजी अर्थ द्यायचा, अशी मांडणी होती. या रोमन ओळीतच खरी कसोटी होती. इंग्रजीत सव्वीस अक्षरे, आणि आपल्याकडे त, थ, ट, ठ, द, ध, ड, ढ, ण, ळ. मग ग्रियर्सन यांनी अक्षरांना खुणा दिल्या. स्वर दीर्घ असेल तर त्याच्या डोक्यावर आडवी रेघ. मूर्धन्य व्यंजन असेल तर त्याच्या पायाशी टिंब, म्हणजे साधा टी हा त आणि टिंबाचा टी हा ट. स्वर नाकातून येत असेल तर डोक्यावर नागमोडी रेघ. ळ साठी टिंबाचा एल. ही पॅरिसची ध्वनिलिपी नव्हती, पण हेतू तोच होता.

मराठी वाचकाला यातली एक गोष्ट विशेष वाटेल. आपल्या देवनागरीला जे लिहून दाखवता येत नाही ते या रोमन ओळीत लिहिता येत होते. आपण चार ही संख्या लिहितो आणि गाईला चारा चार असेही लिहितो. अक्षर एकच, उच्चार मात्र दोन. जग म्हणजे दुनिया आणि शंभर वर्षे जग असा आशीर्वाद, यांतला ज वेगळा आहे. हे आपल्याला कोणी शिकवत नाही, कानाने येते. परक्या माणसाला मात्र कागदावरून ते कळायचे नाही. ग्रियर्सन यांच्या पद्धतीत दंतमूलीय च साठी टी आणि एस जोडून लिहायचे आणि तशाच ज साठी डी आणि झेड. जो फरक आम्ही जन्मभर बोलत आलो आणि कधी लिहिला नाही, तो त्यांनी लिहिण्याची सोय करून ठेवली.

आता हे सगळे छापायचे कसे? टायपिंगच्या दुकानात माझी जी गत झाली ती आठवली म्हणजे या कामाचा डोंगर केवढा होता ते समजते. सर्वेक्षणाचे खंड कलकत्त्याच्या सरकारी छापखान्यात छापले जात. तिथे एकेक खिळा हाताने उचलून जुळवायचा. रेघेचा ए वेगळा खिळा, टिंबाचा टी वेगळा खिळा. त्यात पुन्हा देवनागरी, बंगाली, गुरुमुखी, अरबी वळणाच्या आणि इतर कितीतरी लिप्या. सर्वेक्षणाचे प्रमुख झाल्यानंतर ग्रियर्सन इंग्लंडला गेले होते आणि सरे परगण्यातल्या केंबर्ली या गावी राहून काम करीत होते. साहजिकच मुद्रिते समुद्रावरून जायची आणि तपासून समुद्रावरूनच परत यायची. एखाद्या अक्षराखालचे टिंब निसटले असेल तर ते परत बसवायला आगबोट लागत होती. कलकत्त्याच्या त्या खिळेजुळाऱ्यांची नावे कोणत्याही चरित्रात मिळत नाहीत. पण ते नसते तर ग्रियर्सनही नसते असे मला वाटते.

सातवा खंड आणि आपला वऱ्हाड

मराठीचा खंड सातवा. तो १९०५ मध्ये प्रसिद्ध झाला. तो तयार करण्याचे मुख्य काम स्टेन कोनो या नॉर्वेच्या विद्वानाने ग्रियर्सन यांचे सहकारी म्हणून केले. संगणकावर हा खंड आता कोणालाही वाचता येतो. मी तो मोबाईलवर उघडला आणि शब्दकोश जवळ ठेवून हळूहळू वाचू लागले. त्यात वऱ्हाडीला स्वतंत्र जागा आहे. कोकणातल्या बोली आहेत, नागपुरी आहे, हळबी आहे, आणि त्यांच्या पंगतीत आमची वऱ्हाडी आहे. तिची रूपे, तिचे उच्चार, तिचे नमुने, रेघा आणि टिंबांसह छापलेले.

ते पान पाहून मी बराच वेळ गप्प बसले. ज्या बोलण्याला वर्गात हसले गेले ते बोलणे १९०५ साली कलकत्त्याला खिळ्यांनी जुळवले गेले होते. ते चुकले म्हणून तांबड्या शाईने खोडले नव्हते. असे बोलतात, एवढेच लिहिले होते. भाषाविज्ञानाच्या तासाला मॅडम जे वारंवार सांगत की बोली अशुद्ध नसते, ती वेगळी असते, ते मला त्या पानावर पटले.

तेव्हाच्या वऱ्हाडाचा थोडा इतिहासही येथे सांगायला हवा. वऱ्हाड हा मूळचा हैदराबादच्या निजामाचा मुलूख १८५३ मध्ये इंग्रजांच्या कारभाराखाली आला आणि १९०३ मध्ये मध्य प्रांताच्या कारभाराला जोडला गेला. तेव्हा अमरावती, अकोला, एलिचपूर, बुलढाणा, वाशीम आणि वणी असे सहा जिल्हे होते. सर्वेक्षण निजामाच्या संस्थानात झाले नाही, मद्रास इलाख्यात आणि म्हैसुरातही झाले नाही. वऱ्हाड इंग्रजांच्या कारभारात होता म्हणून त्याची बोली या दप्तरात आली. सत्ता कुठली यावर कोणाचे बोलणे टिपले जाईल हेही ठरत असते.

या सर्वेक्षणाच्या आणखीही मर्यादा आहेत. ग्रियर्सन यांनी बहुतेक बोली कानाने ऐकल्या नाहीत, त्या त्यांच्याकडे कागदाने आल्या. जिल्ह्याच्या अधिकाऱ्याने कोणाला तरी सांगितले, त्याने लिहून दिले, ते पुढे गेले. लिहून देणारा शिकलेला असणार. माझ्या आजीच्या आजीला कोणी विचारले असेल असे मला वाटत नाही. बायकांचे बोलणे, जात्यावरचे, निंदणीच्या वेळचे, त्या कागदापर्यंत किती पोचले असेल? कोकणीला मराठीची बोली म्हणून याच खंडात ठेवले गेले, ते आज कोकणी भाषकांना मान्य नाही. ग्रियर्सन यांचा शब्द हा शेवटचा शब्द नव्हे. पण पहिला शब्द लिहिला गेला नसता तर त्यावर वाद तरी कशाचा करणार होतो?

कागदाची ही उणीव सर्वेक्षणालाही जाणवली असावी. पुढे विसाव्या शतकाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दशकांत प्रांतोप्रांतीच्या सरकारांनी बोलणाऱ्यांचे आवाज ग्रामोफोनच्या तबकड्यांवर मुद्रित केले. उधळ्या मुलाची तीच गोष्ट आता खऱ्या माणसांच्या आवाजात ऐकू येऊ लागली. त्या तबकड्यांतला आवाज आज संगणकावर ऐकता येतो.

तीस वर्षांची चिकाटी

१९०३ च्या सुमारास ग्रियर्सन नोकरीतून निवृत्त झाले. निवृत्तीनंतर माणूस विश्रांती घेतो. यांनी पुढची पंचवीस वर्षे हेच काम केले. सर्वेक्षणाचा शेवटचा भाग १९२८ मध्ये पुरा झाला तेव्हा त्यांचे वय सत्याहत्तर वर्षांचे होते. एकूण ११ खंड, त्यांचे १९ भाग, आणि त्यांत १७९ भाषा व ५४४ बोली. १८९४ पासून मोजले तर चौतीस वर्षे होतात. त्याच वर्षी त्यांना 'ऑर्डर ऑफ मेरिट' हा ब्रिटनचा फार मोठा मान मिळाला. सर ही पदवी १९१२ मध्येच मिळाली होती. याच काळात ते काश्मिरी भाषेचा मोठा कोशही तयार करीत होते. तो १९१६ ते १९३२ या वर्षांत भागाभागाने निघाला. कोश पुरा झाला तेव्हा ते ऐंशीच्या पुढे होते. मार्च १९४१ मध्ये, वयाच्या नव्वदाव्या वर्षी, केंबर्ली येथे त्यांचे निधन झाले. हिंदुस्थान सोडून त्यांना चाळीसेक वर्षे झाली होती, पण त्यांच्या टेबलावर शेवटपर्यंत हिंदुस्थानच्याच बोली होत्या.

चौकोनाच्या जागी अक्षर

हे सगळे वाचून झाल्यावर मी पुन्हा माझ्या प्रकल्पाकडे वळले. कॉलेजच्या संगणकावर बसून मॅडमनी दाखवले तसे करून पाहिले. तेव्हा कळले की त्या चौकोनांत काही गूढ नव्हते. जुन्या पद्धतीच्या देवनागरी फाँटात इंग्रजी अक्षरांच्याच जागी आपल्या अक्षरांचे आकार बसवलेले असतात, ध्वनिलिपीला त्यात जागाच नसते. आणि ज्या फाँटात एखाद्या चिन्हाचा आकार नाही तिथे संगणक चौकोन दाखवतो. आजच्या युनिकोड पद्धतीत मात्र जगातल्या जवळजवळ प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक दिलेला आहे. ध्वनिलिपीच्या चिन्हांनाही आहे आणि ग्रियर्सन यांच्या रेघेच्या, टिंबाच्या अक्षरांनाही आहे. वर्डमध्ये ०२५९ हा आकडा इंग्रजी अंकांत टाईप करून ऑल्ट आणि एक्स ही बटणे एकत्र दाबली की उलटा ई उमटतो. तो आपला अ. ०२८८ म्हटले की आकडीचा टी, म्हणजे ट. ०२५६ म्हटले की ड, ०२७३ म्हटले की ण. ०२६ लिहून पुढे डी हे अक्षर दिले की आकडीचा एल, म्हणजे ळ. टी आणि एस यांच्या मध्ये ०३६१ टाकले की दोघांवर एक कमान येते आणि गाईला चारण्यातला च तयार होतो. फाँट तेवढा ही चिन्हे असलेला निवडायचा.

एक चूक माझ्याकडून झाली. 'डोया'तल्या य साठी मी वाय हे अक्षर टाईप केले. मॅडमनी दाखवले की ध्वनिलिपीत वाय म्हणजे ओठ गोल करून म्हटलेला एक वेगळाच स्वर, तो मराठीत नाही. य साठी जे हे अक्षर लिहायचे. चिन्ह उमटवता येणे ही निम्मी गोष्ट, कान लावून ऐकणे ही उरलेली निम्मी. संगणक पहिली निम्मी करून देतो. दुसरी आपणच करायची.

पुण्याच्या डेक्कन कॉलेजने अलीकडे मराठीच्या बोलींचे नव्याने सर्वेक्षण केले आहे आणि गावोगावच्या माणसांचे आवाज ध्वनिमुद्रित करून संगणकावर सर्वांसाठी खुले ठेवले आहेत. म्हणजे ग्रियर्सन यांचे काम संपलेले नाही. ज्या कामासाठी तेव्हा जिल्ह्याचा अधिकारी, कलकत्त्याचा छापखाना आणि समुद्रावरची आगबोट लागत होती, त्यातला थोडा भाग आज आमच्यासारखी एखादी मुलगी मोबाईल आणि कॉलेजच्या संगणकावर करू शकते. ग्रियर्सन यांना आमच्या दारापर्यंत येता आले नाही. आम्ही तर त्या घरातच राहतो.

प्रकल्प छापून झाल्यावर मी तो गावी नेला. आजीला वाचता येत नाही. मी तिला एकेका चिन्हावर बोट ठेवून दाखवले की हा तुझा डोया, हे तुझे केय, ही शाया. तिने विचारले, आकडी कशाची आहे ही. मी सांगितले, जीभ वर वळते त्याची. तिने दोन-तीनदा ड म्हणून पाहिले, जीभ खरेच वळते का ते तपासले आणि मान हलवली. मग म्हणाली की पन्नासच कशाला लिहिले, आणखी लिहून घे, मी काय रोज रोज बसणार आहे?

मी दुसरी वही काढली आहे. तिच्यात आज दोनशे बारा शब्द आहेत. ग्रियर्सन यांच्या यादीला पुरे व्हायला अजून एकोणतीस कमी आहेत. बोलींना अक्षर देणाऱ्या त्या थोर अभ्यासकाला मी या लेखातून नम्र अभिवादन करते, आणि वाचकमित्रांनो, तुमच्या घरीही एखादी आजी असेल तर तिच्याजवळ वही घेऊन बसा, एवढीच विनंती करते.